सोमीबायचे केस, शुक्रवारचं व्होल्टेज आणि तुम्ही

सर, तुमचा जन्म कुठे झाला, किती वर्षं तुम्ही चित्रकला शिकवली, तुमच्या मागे कोण कोण आहे, हे सगळं शाळेच्या फळ्यावर लिहून झालंय. त्यात वर्षं दोन कमी लिहिली होती. मी खडू घेऊन दुरुस्त करायला गेले तर शिपाई म्हणाला, बाई, आज तरी राहू द्या. मी राहू दिलं नाही. दुरुस्त केलं आणि मगच बाहेर येऊन रडले.

तेव्हा ती माहिती इथे देत नाही. मी भांडायला आले आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि समोरचा माणूस गेला म्हणून ते आपोआप मी जिंकले असं मानायला मी तयार नाही. बिनविरोध निवडून येणाऱ्यांविरुद्ध मी आयुष्यभर पत्रकं काढली आहेत.

भांडण केसांवरून होतं. सोमीबायच्या केसांवरून. आणि भांडणारे दोघे म्हणजे डोक्यावर एक केस नसलेले निवृत्त कर्णिक सर आणि त्यांच्या घरात दर शुक्रवारी न बोलावता येऊन बसणारी मी.

बाकीच्यांसाठी थोडं सांगावं लागेल, तुम्ही तोवर चहा घ्या. भिवंडीहून अकलोलीकडे जाताना रस्त्यापासून आत एक पाडा आहे. पाड्याच्या वरच्या अंगाला एक डाईंग आहे, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. त्याचं नाव मी या लेखात तीन वेळा लिहिलं होतं, संपादकांनी तिन्ही वेळा खोडलं. त्या डाईंगचं पाणी पाड्याच्या ओहोळात येतं. सोमवारी जांभळं, मंगळवारी लाल, बुधवारी जे येतं त्या रंगाला नाव नाही. शुक्रवारी भिवंडीत लूमना, म्हणजे यंत्रमागांना सुट्टी, डाईंगलाही सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी ओहोळ काचेसारखा. आणि तपासणीला सरकारी साहेब कधी येत? (खात्याचं नावही खोडलं गेलं.) चार वेळा आले, चारही वेळा शुक्रवारी. बाटलीत पाणी घेत, उन्हात धरत, छान आहे म्हणत आणि जीपमध्ये बसत. आमची मागणी एका ओळीची होती: साहेबांनी मंगळवारी यावं. एवढ्या एका ओळीसाठी मी अकरा पत्रकं काढली.

पाणी शुक्रवारी साफ होतं, पण केस होत नाहीत. पाड्यातल्या सगळ्या बायका त्या ओहोळात न्हातात. त्यांतल्या म्हाताऱ्या सोमीबायचे केस गुडघ्यापर्यंत, पांढरेशुभ्र, आणि त्यांची खालची वीतभर टोकं जांभळी झालेली. पुरावा असा डोक्यावर वाढत होता. पण सोमीबाय तो पुरावा कोणाला दाखवायला तयार नव्हती. आम्ही एकदा एका दुसऱ्या बाईच्या केसांचे फोटो नेऊन दिले, तर साहेब म्हणाले, होळीचे दिसतात.

तेव्हा मी स्वतः आठ दिवस ओहोळात न्हाले आणि साहेबांच्या चौथ्या भेटीत उभी राहून माझी वेणी सोडली. पुढे काय झालं ते तुम्हाला मी सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की तुमच्या बायकोला, म्हणजे काकूंना, पाणी घेऊन यावं लागलं. सभेत केस मोकळे सोडून उभी राहिलेली बाई म्हणजे त्या पाड्यात एकच अर्थ, बाईच्या अंगात आलं. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. कोणीतरी नारळ आणला. एका माणसाने त्याची हरवलेली शेळी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. साहेब म्हणाले की असल्या अंधश्रद्धेच्या कार्यक्रमाला मी थांबू शकत नाही. मी, सर. जिने अंधश्रद्धेवर दोन पत्रकं लिहिली आहेत ती मी. शेळी दुसऱ्या दिवशी सापडली, त्यामुळे माझी बदनामी कायमची झाली.

सोमीबाय तेव्हा म्हणाली, "बघितलंस ना पोरी? म्हनून मी सोडत न्हाय."

मी तुमच्याकडे आले होते ते पोस्टर मागायला. तुम्ही निवृत्त झाल्यावर काशीयात्रेऐवजी कॉम्प्युटर घरात आणला होता आणि काकू आल्यागेल्याला सांगायच्या की काशी इथेच आली, पुढच्या खोलीत, वर कापड घालून ठेवली आहे. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने अंधेरीच्या स्टुडिओतून तुम्हाला माणसं उभी करायचं सॉफ्टवेअर आणून दिलं होतं. तुम्ही माझं अकरावं पत्रक शेवटपर्यंत वाचलंत. ते शेवटपर्यंत वाचणारे तुम्ही पहिलेच. मग चष्मा काढून म्हणालात की यात सगळं आहे, फक्त वाचणाऱ्याला बसायला जागा नाही.

मग तुम्ही तो बेत सांगितलात. आपण सोमीबायसारखी एक म्हातारी कॉम्प्युटरवर करू. ती ओहोळात केस धुते. सोमवार, मंगळवार, बुधवार. केसांना रंग चढत जातो. वीस सेकंदांत संपवू. मी म्हणाले, फोटो मानला नाही तो साहेब चित्र मानेल? तुम्ही म्हणालात की फोटो दाखवला की माणूस पंच होतो, चित्र दाखवलं की प्रेक्षक होतो. शिवाय कॉम्प्युटर म्हटलं की ऑफिसातला कारकूनसुद्धा खुर्ची पुढे ओढतो. हे मात्र मला पटलं. या देशात हातानं लिहिलेला अर्ज खोटा आणि कॉम्प्युटरवरचं कार्टून खरं, ही परिस्थिती निषेधार्ह आहे, पण आहे.

पुढची सुनावणी सात आठवड्यांवर होती. अर्थातच शुक्रवारी.

सोमीबायने तुम्हाला केस दाखवले ते काकू सोबत होत्या म्हणून, आणि तुम्ही मास्तर म्हणून. अंगणात पाठमोरी बसली आणि अंबाडा सोडला. तुम्ही लांब चिंचेखाली बसून वहीत काढत होतात. ती मागे न बघता म्हणाली, "ज्याच्या डोक्यावं न्हाय त्यालाच लई हौस." तुम्ही म्हणालात, खरंय बाय, माझे असते तर तुला कशाला त्रास दिला असता. ती इतकी हसली की तुमची रेघ हलली आणि तुम्ही ती तशीच ठेवलीत.

इथवर सगळं ठीक होतं. इथून पुढे मी सुरू झाले.

चळवळीत मी एक गोष्ट शिकले आहे: आकडा खरा असला की कोणी हलवू शकत नाही. तेव्हा तुम्ही सॉफ्टवेअरमधली ती पट्टी दाखवलीत, जिथे डोक्यावर किती केस हवेत तो आकडा घालायचा असतो, आणि म्हणालात अंदाजे घालू, तेव्हा माझं डोकं फिरलं. अंदाजे? उद्या डाईंगवाला उठून म्हणाला की केस किती होते, तर? मी दुसऱ्या दिवशी पाड्यात गेले, काकूंना घेऊन. सोमीबायच्या डोक्यावर कुंकवाने बोटभर चौकोन आखला आणि आम्ही दोघी सुई घेऊन त्यातले केस मोजायला बसलो. दोनदा मोजले, दोन वेगळे आकडे आले, तिसऱ्यांदा मोजले. सोमीबाय बसल्या बसल्या झोपली. मग सुतळीने डोकं मोजलं, चौकोन किती बसतात ते काढलं, गुणाकार केला आणि आलेला आकडा कागदावर लिहून खाली काकूंची साक्षीदार म्हणून सही घेतली.

तुम्ही तो कागद वाचलात. जो आकडा होता तो जसाच्या तसा घातलात. आता वाटतं, तेव्हाच ओरडला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही शाळेत कोणाला ओरडला नव्हतात, ते व्रत माझ्यासाठी मोडायचं कारण नव्हतं.

रेंडर म्हणजे काय हे मला त्या शुक्रवारी कळलं. तुम्ही बाई उभी करायची, उजेड कुठून येतो ते सांगायचं, आणि मग कॉम्प्युटर स्वतः हिशोब करून एकेक चित्र रंगवतो. प्रत्येक केसावर उजेड कसा पडतो, त्या केसाची सावली पुढच्या केसावर कशी पडते, त्यातून पलीकडचं किती दिसतं, सगळा हिशोब. आणि हे फक्त शुक्रवारी करता येई, कारण तेव्हाच लूम बंद असत आणि तुमच्या घरातलं व्होल्टेज माणसात येई. इतर दिवशी पंखासुद्धा विचार करून फिरे. म्हणजे बघा, ज्या शुक्रवारी डाईंगवाल्याचं पाणी स्वच्छ त्याच शुक्रवारी आमची वीज स्वच्छ. आमचा आणि त्याचा सुट्टीचा दिवस एकच होता.

सकाळी आठला बटण दाबलं. दुपारी एकपर्यंत सोमीबायचं कपाळ आलं. चारपर्यंत कपाळच होतं. पाचला मेमरी संपल्याचा निरोप आला आणि कपाळही गेलं. तुम्ही शांतपणे चहा ओतलात आणि विचारलंत, "ठरावबाई, आकडा कमी करायचा ठराव मांडू का?"

तुम्ही मला ठरावबाई म्हणायचात. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी जाहीर निषेध केला असता.

मी चौथ्या हिश्श्यापर्यंत खाली आले. त्याखाली यायला तयार नव्हते. दुसऱ्या शुक्रवारी एका चित्राला पंचावन्न मिनिटं लागली. वीस सेकंदांना दोनशे चाळीस चित्रं हवी होती आणि दिवसभरात झाली नऊ. सोमीबाय बाजाराला आली होती, ती डोकावली. पडद्यावरच्या म्हातारीने सकाळपासून मान दोन बोटं वळवली होती. ती म्हणाली, "यवड्यात माजी नात चालाया लागली." आणि मग, अगदी हळू, तुम्हाला विचारलं की तवर मी हाय का न्हाय. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्या दिवसापासून वेळ कमी करायच्या मागे लागलात.

मला वाटलं तुम्ही नवीन मशीन मागवाल. तुम्ही मला शेजारच्या रफीकभाईंच्या लूमवर नेलंत. शाळेत असताना तुम्ही साड्यांच्या काठांचे नक्षे ग्राफच्या कागदावर काढून देत होतात हे मला तिथे कळलं. लूमच्या आवाजात तुम्ही माझ्या कानाशी ओरडून सांगत होतात आणि मी निम्मं ऐकत होते. बीमवर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावर, हजारो धागे ताणलेले होते. तुम्ही काठातल्या नक्षीच्या एका बुट्टीवर बोट ठेवलंत. म्हणालात की हे सगळे धागे कोणी कागदावर काढत नाही. मी सोळा काढतो. सोळांचं एक घर, तेच पुढे पुढे येत जातं, आणि बाईला साडी नेसल्यावर हजार दिसतात. रफीकभाई मागून म्हणाले, मास्टरजी हजार बनाते तो आज तक पहली साडी पे होते.

मग तुम्ही पडद्यावरच्या सोमीबायच्या डोक्यावरचे केस उतरवलेत. सगळे. मी तिच्या टकलाकडे बघितलं आणि तुमच्या, आणि मला बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा तुम्ही पातळ पट्ट्या लावत होतात, रिबिनीसारख्या. प्रत्येक पट्टीवर केसांचं चित्र, तुम्ही हातानं काढलेलं, चिंचेखालच्या त्या वहीतलं, ती हललेली रेघसुद्धा. केसांच्या मधली जागा आरपार. अशा साठ-सत्तर पट्ट्या. चित्र बदलायचं तेव्हा सोळा-सतराच हलवायच्या, बाकीच्या त्यांच्या मागे जातात. ओहोळ, दगड, तिची पाठ हे हलतच नाही, मग ते पुन्हा पुन्हा कशाला रंगवायचं, एकदा रंगवून मागे ठेवलं. केसांची सावलीसुद्धा एकदाच काढली आणि पाठीवर टाकली, जशी आपण पोस्टरवर टाकतो. एका चित्राला चार मिनिटं.

पंचावन्नवरून चार. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, हे खोटं आहे.

मी बरंच बोलले. म्हणाले की शुक्रवारचं पाणी दाखवणारा आणि केसांच्या जागी केसांचं चित्र चिकटवणारा, दोघांत फरक काय? म्हणाले की उद्या तुम्ही मला सांगाल की सह्यासुद्धा सोळाच घे, बाकीच्या मागे मागे जातील. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत. फक्त म्हणालात की दहा फुटांवरून तू बाईला ओळखतेस ते केस मोजून ओळखतेस का.

चौथ्या शुक्रवारी तुम्ही पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावून ठेवली होती. एक पट्ट्यांचं. दुसरं माझ्या आकड्याचं, पूर्ण, कुंकवाच्या चौकोनातून आलेल्या आकड्याचं. ते तुम्ही डोक्याचे चाळीस तुकडे करून, व्होल्टेज मिळेल तेव्हा, आठवडाभर रोज थोडं थोडं रंगवून जोडलं होतं. मला दाखवायला म्हणून. आणि विचारलंत, सांग, खरी कोणती?

मी नीट बघितलं. जवळ जाऊन, लांब जाऊन. आणि पट्ट्यांच्या चित्रावर बोट ठेवलं.

काकू आतून बघत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. तुम्ही मुळीच हसला नाहीत, तेच मला जास्त लागलं. मी म्हणाले तुम्ही मला फसवलंत, पिशवी उचलली आणि निघाले.

पाचव्या शुक्रवारी मी आले नाही.

सर, हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं आणि सांगितलं नाही. त्या पाचव्या शुक्रवारी मी काही कामात नव्हते. घरी बसून तुमच्याविरुद्ध एक पत्रक मनात लिहीत होते. आणि तुम्ही सकाळी आठला मशीन चालू करून बसलात, व्होल्टेज पूर्ण होतं, सगळं तयार होतं, आणि तुम्ही एकही चित्र रंगवायला लावलं नाहीत. काकूंनी विचारलं तर म्हणालात, ठरावबाईची मंजुरी नाही अजून. संध्याकाळी कापड घालून मशीन झाकलंत. हे मला काकूंनी परवा सांगितलं, भाजी निवडताना, सहज. दीडशे चित्रं झाली असती त्या दिवशी. तुम्ही सगळं पुरं झालेलं बघितलं असतं.

सहाव्या शुक्रवारी मी आले. माफी मागितली नाही. खुर्ची ओढली आणि विचारलं, सुरू करायचं का. तुम्ही बटण दाबलंत. चार चार मिनिटांनी चित्रं येत राहिली आणि दुपारनंतर तुम्ही ती सलग चालवून दाखवलीत. सोमीबाय मान खाली घालते, पाणी ओतते, केस पुढे येतात. मी म्हणाले, ती एक बट तुटक दिसते. तुम्ही म्हणालात, "दिसू दे. तिची पण तुटकच आहे." एवढंच आपलं शेवटचं बोलणं. बटेवर.

त्याआधी जेवताना आपण जीपवरूनही भांडलो होतो. मला शेवटी डाईंगचं धुराडं हवं होतं, पाटी हवी होती, आणि जमलं तर घोषणा. तुम्ही म्हणालात, अक्षर एकही नको, फक्त कोपऱ्यात वार. शुक्रवार आला की पाणी स्वच्छ होतं, केस जांभळेच राहतात, आणि मागे एक जीप येऊन थांबते आणि जाते. जीप पुठ्ठ्याची असते तशी सपाट होती, तिलाही वेळ लागू नये म्हणून. मी म्हणाले, एवढ्यातून कोणाला काय कळणार. तुम्ही वरण मागितलंत.

रविवारी सकाळी तुम्ही गेलात. त्याबद्दल मी लिहिणार नाही. नव्वद चित्रं राहिली होती आणि सुनावणी पाच दिवसांवर.

मी मशीनचं नाव काढणार नव्हते. मंगळवारी काकूच म्हणाल्या, "त्याचं कापड काढ. अर्धवट ठेवून गेलेत, मला ते बघवत नाही." पण मंगळवार होता. लूम चालू. बल्ब आणि पंखा दोघेही थरथरत होते. रफीकभाई भेटायला आले होते, दारात टोपी हातात घेऊन उभे. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाभी, कितना टाइम चाहिए मास्टरजी के काम को?" मी मध्येच म्हणाले, सहा तास. ते गेले. अर्ध्या तासाने त्यांच्या लूमचा आवाज बंद झाला, मग त्यांच्या पलीकडच्या गाळ्याचा, मग समोरचा. भर दुपारी, आठवड्याच्या मधोमध. मी या गल्लीत इतकी शांतता फक्त शुक्रवारीच ऐकली होती. रोज दोन तास, तीन दिवस. त्यांनी कोणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी लूमच्या धुळीवर त्यांच्याविरुद्ध काढलेलं पत्रक त्यांच्या भिंतीवर अजून चिकटलेलं आहे.

आणि सर, त्या तीन दुपारी तुम्ही असायला हवे होतात. तुमचे सगळे नातेवाईक भेटायला येत होते. आत तुमचा फोटो आणि दिवा, बाहेर पडद्यावर एका म्हातारीचे जांभळे केस, चार मिनिटांनी किंचित हलणारे. कल्याणहून आलेल्या तुमच्या मावसबहिणीने आधी पडद्याला नमस्कार केला आणि मग फोटोला. एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे तिसऱ्या दिवसाचं काही आहे का, आमच्याकडे करत नाहीत. मी म्हणाले, हे प्रदूषणाचं आहे. ते म्हणाले, असं असं. आणि बसून राहिले, शेवटचं चित्र येईपर्यंत. त्यांना वाटलं मध्येच उठणं बरं दिसणार नाही.

शुक्रवारी काकूंच्या गोधडीत मशीन गुंडाळलं, सहा आसनी रिक्षात मांडीवर घेतलं आणि पाड्याच्या शाळेत नेलं. काकू आल्या. लोक काय म्हणतील ते म्हणोत म्हणाल्या. साहेब आले, त्यांचा कारकून आला, डाईंगचा माणूस आला. ओहोळ नेहमीप्रमाणे काचेसारखा. साहेबांनी बाटली भरून घेतली होती, ती टेबलावर होती.

मी भाषण तयार केलं होतं. उभी राहिले आणि ते सोडून दिलं. फक्त बटण दाबलं.

वीस सेकंद. कारकुनाने खुर्ची पुढे ओढली, तुम्ही म्हणाला होतात तसं. साहेब म्हणाले पुन्हा लावा. पुन्हा लावलं. डाईंगचा माणूस म्हणाला, साहब ये तो कार्टून है, बाल भी असली नहीं हैं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, खरा आकडा, साक्षीदाराच्या सहीसकट. मी गिळलं. साहेबांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि शेवटाकडे बोट दाखवून विचारलं, ही जीप कोणाची?

सोमीबाय भिंतीशी बसली होती, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. ती म्हणाली, "तुमचीच हाय. शुक्रवारचीच येते."

साहेब उठले. मग टेबलावरची बाटली त्यांनी उचलली, खिडकीबाहेर रिकामी केली आणि कारकुनाला म्हणाले, मंगळवार घाला, अकरा वाजता. एवढंच. परवा मंगळवार आहे, सर. ते येतील की नाही मला माहीत नाही. पण ते वहीत लिहिलं गेलंय, माझ्या डोळ्यांसमोर.

मग कारकुनाने विचारलं, चित्र कोणी केलं, नोंद करायची आहे. मी तुमचं नाव सांगितलं. त्याने ते हजर असलेल्यांच्या यादीत लिहिलं, काकूंच्या नावाच्या वर, आणि सह्या घ्यायला कागद आणि पेन माझ्याकडे दिलं. मान वर करून म्हणाला, कर्णिक कुठे बसलेत? मी सांगायला तोंड उघडलं. सांगणारच होते, की नाव चुकीच्या यादीत गेलंय, खोडावं लागेल.

सोमीबाय म्हणाली, "हाय. हितंच हाय." ती उठून टेबलाशी आली, शाईत अंगठा बुडवला आणि तुमच्या नावासमोर उमटवला. मग पुन्हा बुडवला आणि स्वतःच्या नावासमोर. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या.

सर, तो कागद खोटा आहे. एकाच बाईचे दोन अंगठे आहेत त्यावर. अकरा पत्रकांत मी एक आकडा चुकीचा छापू दिला नाही हे तुम्हाला माहीत आहे. पेन माझ्या हातात होतं आणि कारकून माझ्याकडे बघत होता.

मी पेनाला टोपण लावलं आणि कागद साहेबांपुढे सरकवला.